साडेतीन इंचांचा बोअर

महिंद्राच्या बोलेरो पिकअपचं आरसी बुक उघडलं, की इंजिनाच्या क्षमतेच्या रकान्यात २५२३ हा आकडा दिसतो. वरुड-मोर्शीकडून संत्र्याचे क्रेट घेऊन अमरावतीला येणारी गाडी असो, नाही तर अकोल्याच्या बाजार समितीत तुरीची पोती उतरवणारी. पिकअप महिंद्राची असली तर आकडा बहुधा हाच. विम्याच्या कागदावर तो उतरवून घेण्यापलीकडे त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण आकडा जरा चमत्कारिक आहे. अडीच लिटरचं इंजिन करायचं ठरलं तर अभियंते सहसा ते २५०० च्या आत बसवतात, २४९८ किंवा २४९९. वरचे तेवीस कशासाठी?

इंजिनाची मापं पाहिली की उलगडा होतो. चार सिलिंडर. प्रत्येकाचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ८८.९ मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जितका सरकतो ते अंतर, १०१.६ मिलिमीटर. हे आकडेही आडनिडेच वाटतात. त्यांना २५.४ ने भागा. बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक बरोबर चार इंच. वजनमापांचा दशमान कायदा भारतात १९५६ साली झाला. त्याला किती दशकं लोटली, तरी आजच्या पिकअपच्या पोटात इंच शाबूत आहेत. चारही सिलिंडरांचं घनफळ काढलं तर १५४ घन इंच येतं, आणि तेच २५२३ घन सेंटिमीटर.

ही मापं इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डची आहेत. यॉर्कशायरमधलं हे शहर लोकरीच्या गिरण्यांचं. तिथल्या आयडल भागात जोवेट नावाच्या मोटार कंपनीचा कारखाना होता. कंपनीचा धंदा बसला आणि १९५४ साली अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने तो कारखाना विकत घेतला. मोटारींच्या जागी तिथून ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. आधी बी-२५०, मग बी-२७५. त्यांच्यात बीडी-१४४ नावाचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. नावातला १४४ म्हणजे घन इंच. स्ट्रोक चार इंच, बोअर साडेतीनला थोडा कमी. १९६१ च्या बी-४१४ या ट्रॅक्टरसाठी बोअर वाढवून पुरता साडेतीन इंच केला, तेव्हा इंजिनाचं नाव बीडी-१५४ झालं. अकोल्याच्या गाडीच्या आरसी बुकातला आकडा असा साठ वर्षांहून जुना आहे आणि तो नांगरटीसाठी ठरवलेला आहे.

तो भारतात आला कांदिवलीमार्गे. १९६३ साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईच्या कांदिवलीत बी-२७५ बनू लागला. देशात धान्याची टंचाई होती, ट्रॅक्टर बाहेरून आणावे लागत होते, परकीय चलन हाती नव्हतं. १९७७ साली ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. पुढे नागपुरातही महिंद्राचे ट्रॅक्टर बनू लागले. वऱ्हाडात आज जो लाल ट्रॅक्टर दिसतो त्यातल्या ५७५ डीआयची क्षमता आहे २७३०. स्ट्रोक ११० मिलिमीटर केला आहे, बोअर मात्र ८८.९, म्हणजे तोच साडेतीन इंच.

बोअर बदलत नाही आणि स्ट्रोक बदलतो, यामागे कारखान्याचं साधं गणित आहे. इंजिनाचा ब्लॉक ओतायचे साचे, त्यात एका ओळीत भोकं पाडणारी यंत्रं, दोन सिलिंडरांच्या केंद्रांमधलं अंतर हे सगळं एकदा ठरलं की त्याला हात लावायचा खर्च प्रचंड असतो. पिस्टन आणि रिंगा पुरवणारे कारखानदार त्याच मापावर तयार झालेले असतात. गावोगावच्या वर्कशॉपमध्ये बोअर करणाऱ्या मिस्त्रींची हत्यारंसुद्धा. स्ट्रोक वाढवायचा तर क्रँकशाफ्ट वेगळी घडवावी लागते. तेही काम मोठं, पण आवाक्यातलं. म्हणून एखाद्या इंजिनाचं कूळ शोधायचं असेल तर आधी बोअर बघावा. जाहिरातीत नाव काहीही असो, बोअर मूळ सांगतो.

ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये कसं गेलं, हा या गोष्टीतला कळीचा टप्पा. महिंद्राने १९४७ पासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि त्या जीपचं इंजिन पेट्रोलवर चालणारं होतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल इतकं महागलं की ग्रामीण भागात भाड्याची जीप चालवणं परवडेना. डिझेलचा भाव सरकारने शेती आणि मालवाहतुकीसाठी बराच खाली धरून ठेवला होता. महिंद्राच्या घरात तेव्हा एक डिझेल इंजिन होतंच, ट्रॅक्टरचं. सत्तरच्या दशकात तेच जीपला बसलं. एमडी-२३५० हे त्याचं नाव, आणि बीडी-१४४ च्या मापांचं घनफळही साधारण तेवढंच भरतं. इंजिन जड होतं, आवाज मोठा होता, बॉनेट थरथरायचं. तरी जीपवाल्यांनी ते मनापासून स्वीकारलं, कारण खर्च भागत होता आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री आता जीपही दुरुस्त करू शकत होता. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. नव्या इंजिनाला मिस्त्री शोधावा लागतो. हे इंजिन जिथे गेलं तिथे मिस्त्री आधीपासून होता.

ट्रॅक्टरच्या इंजिनाचा स्वभावच मालवाहू गाडीला मानवणारा आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते; त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलने १८९२ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्याचं इंजिन रीतसर तपासलं गेलं. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के भाग कामी लागला. त्या काळची वाफेची यंत्रं याच्या जवळपासही नव्हती. पण ते इंजिन पुरुषभर उंचीच्याही वर, तीन मीटरचं होतं आणि वजनाला साडेचार टन. इंधन आत ढकलायला दाबलेल्या हवेचा वेगळा पसारा लागायचा. ते जागेवर उभं राहून पट्ट्याने यंत्रं फिरवण्यासाठी होतं, गाडीत बसवायला नव्हे. गाडीत बसण्याएवढं लहान ते झालं बॉशच्या पंपामुळे. १९२७ साली रॉबर्ट बॉशच्या कंपनीने इंधन मोजून, दाबून, नेमक्या क्षणी सोडणारा पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला घेतला. त्याच कंपनीची भारतातली शाखा १९५१ साली बंगळुरूत मायको नावाने सुरू झाली आणि पुढे तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल बनू लागले. वऱ्हाडातले जुने मिस्त्री अजून मायकोचा पंप, मायकोचं नोझल असंच म्हणतात.

आता स्ट्रोककडे परत येऊ. बोअरपेक्षा स्ट्रोक लांब असला की क्रँकचा हात लांब पडतो आणि कमी फेऱ्यांतच इंजिन जोर धरतं. नांगर मातीत अडकला, ढेकूळ घट्ट निघालं, तरी इंजिन बंद पडू नये म्हणून ट्रॅक्टरला हेच हवं असतं. मालाने भरलेली पिकअप परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाला लागते तेव्हा तिलाही हेच हवं असतं. बोलेरो पिकअपचं इंजिन मिनिटाला १४०० फेऱ्यांपासूनच पूर्ण ओढ देऊ लागतं, त्यामुळे चालकाला दर वळणावर गिअर पाडत बसावं लागत नाही. लांब स्ट्रोकची किंमतही असते. पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर धावावं लागतं. ट्रॅक्टरच्या २००० फेऱ्यांना या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला पावणेसात मीटर येतो. पिकअपच्या ३२०० फेऱ्यांना तो अकराच्या जवळ जातो. याहून फार पुढे हे इंजिन पळवता येत नाही, आणि पळवू नये. सपाट महामार्गावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरण्यासाठी ते जन्मलेलं नाही. अमरावती-अकोला रस्ता आता तसा मोह घालण्यासारखा झाला आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करण्याचा गिनेस विक्रम झाला.

उन्हाळ्याचाही विचार करायला हवा. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या वर सहज जातो. ट्रॅक्टर भर उन्हात मळणीयंत्राला जोडून तासन्‌तास जागेवर पूर्ण जोराने चालतो. समोरून वारा येत नाही, सगळी मदार रेडिएटरवर आणि पंख्यावर. असं काम गृहीत धरून घडलेल्या इंजिनाकडे थंडाव्याचा हात सढळ असतो. मोटारीच्या इंजिनाला वाऱ्याची सवय असते. ते बाजारातल्या गर्दीत, माल भरून, एसी लावून उभं राहिलं की लवकर तापतं.

हा फरक महिंद्राच्याच घरात एकदा समोरासमोर दिसला. १९७९ साली कंपनीने फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या इंजिनाचा परवाना घेतला आणि पुढे इगतपुरीच्या कारखान्यात ते बनवलं. नावातच माप आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. स्ट्रोक मात्र ८३. क्षमता २११२. प्यूजोची ५०४ ही टॅक्सी याच घराण्यातल्या डिझेल इंजिनावर आफ्रिकेत धावली. एमएम ५४० जीपमध्ये ते बसलं तेव्हा जीप हलकी चालू लागली, आवाज कमी झाला, वेग वाढला. शहरातल्या लोकांना, हौशी मालकांना ते आवडलं. पण ते आखूड स्ट्रोकचं, फेऱ्यांवर जगणारं इंजिन होतं. शिवाय त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न पडता बाजूच्या एका छोट्या गोल कप्प्यात आधी पेटायचं. त्या कप्प्यात हवा भोवऱ्यासारखी फिरते, ज्वलन मऊ होतं, धक्के कमी बसतात. इंग्रज अभियंता हॅरी रिकार्डो याने लंडनच्या बससाठी बसवलेली ही रीत. तोटा असा की कप्प्याच्या भिंती बरीच उष्णता खाऊन टाकतात आणि थंडीत आधी हीटर द्यावा लागतो.

थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारलं तर इंधन साधारण दहा-पंधरा टक्के वाचतं. आवाज वाढतो, पण माल वाहणाऱ्याला आवाजापेक्षा लिटरमागचे किलोमीटर महत्त्वाचे. महिंद्राने ट्रॅक्टरच्या मापांवर असं थेट फवाऱ्याचं इंजिन उभं केलं आणि त्याला एमडीआय म्हटलं. बॉनेटवरची, ट्रॅक्टरच्या नावातली डीआय ही अक्षरं तीच. साडेतीन इंच बोअर, चार इंच स्ट्रोक, २५२३. पिकअपमध्ये टिकलं ते हे. प्यूजोचं इंजिन अधिक सुसंस्कृत असूनही मागे पडलं.

पुढचा प्रसंग आणखी बोलका आहे. २०१६ साली बोलेरो पॉवर प्लस आली. चार मीटरहून आखूड आणि दीड लिटरहून लहान डिझेल इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत होती. त्या सवलतीसाठी माणसं नेणाऱ्या बोलेरोला तीन सिलिंडरचं १४९३ क्षमतेचं नवं इंजिन मिळालं. ते महिंद्राच्या एमहॉक परिवारातलं. ऑस्ट्रियाच्या एव्हीएल या इंजिनतज्ज्ञ संस्थेच्या मदतीने घडलेला या परिवाराचा पहिला अवतार स्कॉर्पिओत २००८ साली आला होता. म्हणजे मोटार म्हणून विकली जाणारी बोलेरो नव्या इंजिनावर गेली आणि त्याच नावाची पिकअप जुन्या मापांवर राहिली. नव्या इंजिनात दम कमी आहे असं नाही. पण दीड टन माल, कच्चा रस्ता आणि वर्षाकाठी होणारी ढोर मेहनत यांना पुरून उरायला घनफळ लागतं, आणि पिकअपला सवलतीचा तो लोभ नव्हता.

ट्रॅक्टरखेरीज पिकअपच्या इंजिनाला दुसरं एक माहेर आहे, मोठ्या ट्रकचं. टाटांच्या टेल्कोने १९५४ साली डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपुरात मर्सिडीजचे ट्रक बनू लागले. १९६९ साली करार संपला, समोरचा तारा गेला. पण टेल्कोची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकर यांनी त्याआधीच, १९६६ साली, पुण्यात कंपनीचं संशोधन केंद्र उभं केलं होतं. हा माणूस मराठी उद्योगविश्वात जेवढा आठवला जायला हवा तेवढा आठवला जात नाही. करार संपल्यावर परक्याच्या नकाशाशिवाय इंजिन घडवायची तयारी त्यांनी करार चालू असतानाच केली. टाटाचं ६९७ हे ट्रकचं इंजिन म्हणजे ९७ मिलिमीटर बोअरचे सहा सिलिंडर. मर्सिडीजच्या ओएम ३५२ चा बोअर ९७ आणि स्ट्रोक १२८. ६९७ चीही मापं तीच. त्याच बोअरचे चार सिलिंडर घेतले की ४९७. स्ट्रोक १०० वर आणला की क्षमता होते २९५६, आणि हेच १९८६ साली ४०७ मध्ये बसलं.

४०७ ज्या वेळी आली तेव्हा टोयोटा, माझदा, मित्सुबिशी आणि निस्सान या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह हलके ट्रक घेऊन उतरल्या होत्या. त्यांची यंत्रं नेटकी होती, चालवायला सोपी होती. ४०७ खडबडीत होती, पण रस्ते आणि लादण्याची सवय ओळखून बांधलेली. वऱ्हाडात कापसाच्या गाठोड्यांचा जिनिंगपर्यंतचा प्रवास तिने बराच काळ वाहिला. कापसासाठीच मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला घातलेली शकुंतला रेल्वे तेव्हा अजून वाफेवर होती. तिचं मँचेस्टरचं इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झालं आणि डिझेल इंजिन लागलं. रुळांवर डिझेल येईपर्यंत रस्त्यावरच्या डिझेलने माल केव्हाच पळवला होता.

तिसरं माहेर मोटारीचं. २००५ साली टाटाने एस आणली, गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने घडवलेली, लोकांनी छोटा हत्ती म्हणून आपलीशी केलेली. तिचं ७०२ क्षमतेचं इंजिन म्हणजे इंडिकाच्या १४०५ क्षमतेच्या डिझेल इंजिनाचे चारांतले दोन सिलिंडर. बोअर तोच, ७५ मिलिमीटर. अश्वशक्ती अवघी सोळा. तीनचाकी रिक्षातून माल नेणाऱ्याला चौथं चाक परवडावं एवढाच हिशेब होता आणि तो तंतोतंत जमला. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, आजच्या फोर्सने, मर्सिडीजच्या मोटारींतलं ओएम ६१६ हे चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आपल्या गाड्यांत वापरलं. जर्मनीत टॅक्सी ओढणारं ते यंत्र इथे प्रवासी आणि पोती दोन्ही ओढत राहिलं.

मग या सगळ्या जुन्या घराण्यांत आधुनिक काय आहे? जवळजवळ सगळं, फक्त लोखंडाची चौकट सोडून. बी-४१४ मध्ये १५४ घन इंचांतून चाळीस अश्वशक्तीच्या आसपास मिळत. आज त्याच घनफळातून पिकअपला ७० ते ८० मिळतात. फेरे २००० चे ३२०० झाले हे त्यातलं एक कारण. टर्बोने जास्त हवा आत कोंबली, इंटरकूलरने ती थंड करून आणखी दाट केली. आणि सर्वांत मोठा बदल कॉमन रेलचा. जुना पंप प्रत्येक नोझलला स्वतंत्र नळीने डिझेल धाडायचा आणि नोझल दोन-अडीचशे बारच्या दाबाला उघडायचं. कॉमन रेलमध्ये एका जाड नळीत हजार बारच्या वर दाबलेलं डिझेल सतत तयार असतं. कुठल्या सिलिंडरला कधी, किती आणि किती तुकड्यांत सोडायचं ते संगणक ठरवतो. आधी थेंबभर डिझेल सोडून ज्वलन हळुवार सुरू करता येतं, म्हणून थेट फवाऱ्याचा तो कर्कश आवाजही उतरला. इटलीत फियाटच्या परिवारात ही पद्धत आकाराला आली, बॉशने ती पूर्णत्वाला नेली आणि १९९७ साली अल्फा रोमिओच्या मोटारीत ती रस्त्यावर आली. १ एप्रिल २०२० पासून भारतभर धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ हे निकष लागू झाले. डिझेलमधलं गंधकाचं प्रमाण दशलक्ष भागांत दहा भागांवर आलं, धुराच्या वाटेवर काजळी गाळणारी जाळी बसली. साडेतीन इंचांचा बोअर या चाळणीतूनही पार झाला. कॉमन रेलसह तो अजून विकला जातो.

बदल सोसावा लागला तो गॅरेजला. अकोल्यात, अमरावतीत पंप-नोझलची दुकानं आहेत. तिथला कारागीर नोझल टेस्टरला लावून हाताने दांडा दाबायचा, फवाऱ्याचं धुकं बघायचा आणि कानाने निदान करायचा. चारही नोझल सारखे होईपर्यंत पातळ चकत्या बदलत राहायचा. ही विद्या शाळेत शिकवली गेली नाही, उस्तादाकडून शागिर्दाकडे आली. कॉमन रेलच्या इंजेक्टरला ती पुरत नाही. त्याला वेगळं यंत्र लागतं, बदललेल्या इंजेक्टरचा क्रमांक संगणकात भरावा लागतो, आणि बिघाड स्कॅनर सांगतो. ज्यांनी हे शिकून घेतलं त्यांची दुकानं चालू आहेत. ज्यांना यंत्राचं भांडवल उभं करता आलं नाही ते बोअर, हेड, क्लच या कामांवर आले, कारण तिथे इंजिन अजून त्यांच्या ओळखीचं आहे.

मालकांसाठी या बदलाचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. जुन्या इंजिनाने ड्रममधलं गढूळ डिझेल पचवलं, कधी त्यात मिसळलेलं रॉकेलही. कॉमन रेलच्या इंजेक्टरची छिद्रं एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असतात आणि पंपाच्या भागांना वंगण डिझेलचंच मिळतं. धुळीचा कण तिथे घासतो, पाण्याचा थेंब गंज धरतो. शेतावर ड्रममधून डिझेल भरायचं तर गाळूनच भरावं. डिझेल फिल्टरच्या तळाशी साठलेलं पाणी पावसाळ्यात वेळच्या वेळी काढावं आणि फिल्टर मुदतीत बदलावा. काजळीची जाळी भरल्याचा दिवा लागला, तर गावातल्या गावात फिरणारी गाडी रिकाम्या महामार्गावर थोडा वेळ एकसारख्या वेगाने चालवावी, म्हणजे साठलेली काजळी आतल्या आत जळून जाते. दिवा तसाच ठेवून माल भरत राहिलं, तर संगणक इंजिनाचा जोर कापतो आणि गाडी घाटाच्या पहिल्याच चढावर दम टाकते. त्या वेळी लांब स्ट्रोकही कामाला येत नाही.